पुस्तकातली खिलाफत आणि मोमिनाबादची कचेरी

'इस्लामी राज्यकारभाराची तत्त्वे आणि आधुनिक प्रशासन : एक तुलनात्मक अभ्यास.' पेट पास झालेले मित्र-मैत्रिणी आरआरसीच्या आधी सिनॉप्सिस वाचायला पाठवतात, त्यात या वळणाचं एखादं शीर्षक असतंच. राज्यशास्त्र, लोकप्रशासन, इतिहास, उर्दू, विभाग कुठलाही असो, आराखडा तोच. डाव्या रकान्यात शूरा, उजव्या रकान्यात संसद. दीवान-ए-मजालिम म्हणजे लोकपाल. बैतुल-माल म्हणजे कोषागार. जकात म्हणजे कल्याणकारी राज्य आणि हिस्बा म्हणजे वजनमापे निरीक्षक. शेवटच्या प्रकरणात निष्कर्ष : आजच्या प्रशासनाला या तत्त्वांतून पुष्कळ घेण्यासारखं आहे. विरुद्ध मताचा उमेदवारही हेच रकाने आखतो, फक्त शेवटी 'ही तत्त्वे लोकशाहीशी विसंगत आहेत' असं लिहितो. दोघांची संदर्भसूची जवळपास सारखीच असते, यातच काय ते आलं.

या पद्धतीबद्दल मला जरा सविस्तर तक्रार करायची आहे. या विषयावर आपल्याकडे तीन नावं सगळे उद्धृत करतात : अल-मावर्दी, मौदुदी आणि अलीकडे वाएल हल्लाक. पुस्तकं वाईट नाहीत. पण आपण ती ज्या प्रकारे वापरतो, त्यात ज्या राज्यात आपले पणजोबा सारा भरत होते ते राज्य कुठे दिसतच नाही. निजामाच्या काळात अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद होतं. मोमिन म्हणजे श्रद्धावान. नावावरून इतका इस्लामी तालुका शोधून सापडायचा नाही. तर ही तिन्ही पुस्तकं मोमिनाबादच्या कचेरीत नेऊन बघू, तिथे ती किती चालतात.

आधी मावर्दी. बगदादचा काझी, मृत्यू १०५८. त्याचं 'अल-अहकाम अस-सुलतानिया' हे या विषयाचं मूळ पाठ्यपुस्तक समजलं जातं. खलिफा कसा निवडावा, वजीर किती प्रकारचे, काझी कोणी व्हावं, खराज कसा लावावा, सगळं प्रकरणवार. सिनॉप्सिसवाले रकाने भरतात ते इथूनच. पण हे लिहिलं गेलं तेव्हाची परिस्थिती बघा. खलिफा सुन्नी, आणि बगदादवर खरी सत्ता बुवैही या शिया सेनानी घराण्याची. खलिफाकडे खुत्ब्यातलं नाव आणि मानमरातब, एवढंच उरलेलं. अशा वेळी मावर्दी खलिफाच्या अधिकारांची यादी करतो, ती चालू कारभार बघून केलेली नाही. हातून गेलेला हक्क निदान कागदावर शाबूत राहावा म्हणून केलेली आहे. तरी व्यवहार त्याला सुटत नाहीच. तलवारीच्या जोरावर प्रांत बळकावलेल्या अमीराला मान्यता कशी द्यायची, यासाठी त्याने 'इमारत-ए-इस्तीला' अशी वेगळी तरतूद ठेवली आहे. बळकावलंस ना, ठीक आहे, पण शरियतचा मान राख आणि खलिफाची सत्ता तोंडाने तरी कबूल कर. म्हणजे तत्त्व आणि तडजोड एकाच पुस्तकात शेजारी शेजारी बसलेली आहेत. रकाना आखला की तडजोड गळून पडते आणि तत्त्व तेवढं राहतं.

मावर्दीचे वजीर दोन प्रकारचे. 'तफवीज'चा वजीर स्वतःच्या अधिकाराने निर्णय घेतो, 'तन्फीज'चा वजीर दुसऱ्याचा हुकूम अमलात आणतो. पहिला मुसलमानच हवा, दुसरा जिम्मी असला तरी चालेल, असं तो म्हणतो. आता हैदराबादला या. महाराजा किशन प्रसाद १९०१ ते १९१२ या काळात निजामाचे दिवाण होते, पुढे १९२६ ते १९३७ कार्यकारी कौन्सिलचे अध्यक्ष. ते तफवीजचे की तन्फीजचे? हा प्रश्न विचारला की रकान्यांचा खेळ संपतो आणि संशोधन सुरू होतं. कारण उत्तरासाठी १९१९ मध्ये स्थापन झालेल्या कौन्सिलचे नियम बघावे लागतात, निजामाची फर्मानं बघावी लागतात, रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार बघावा लागतो, आणि या कागदांत मावर्दीचे शब्द भेटतात की इंग्रज रेसिडेंटचे, हे मोजावं लागतं.

मौदुदींकडे मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याने खरं तर घरच्या माणसाकडे बघावं तसं बघायला हवं. सय्यद अबुल आला मौदुदी यांचा जन्म १९०३ चा, औरंगाबादचा. शिक्षणाची सुरुवात तिथलीच. १९३०च्या दशकात हैदराबादहून ते 'तर्जुमानुल कुरआन' हे मासिक चालवत होते, १९३८ मध्ये पंजाबात गेले, १९४१ मध्ये लाहोरला जमात-ए-इस्लामी काढली. विसाव्या शतकात 'इस्लामी राज्य' ही कल्पना ज्यांनी घटनेच्या भाषेत मांडली त्यांत त्यांचं नाव पहिल्या दोन-तिनांत येतं, आणि हा माणूस आपल्या औरंगाबादचा. आपल्या प्रबंधांत ही गोष्ट आलीच तर 'परिचय' या मथळ्याखाली एका ओळीत येते. तिच्यात एक अख्खा प्रश्न दडलेला आहे. आसफजाही राज्य बघत मोठा झालेला हा तरुण आदर्श इस्लामी राज्य रेखाटतो, तेव्हा त्या रेखाटनात आसफजाही राज्य कुठे आहे?

माझं मत असं की ते नकार म्हणून आहे. 'खिलाफत व मुलूकियत' या १९६६ च्या पुस्तकात मौदुदी म्हणतात की पहिल्या चार खलिफांचा सुमारे तीस वर्षांचा काळ म्हणजे खरी खिलाफत, त्यानंतर सुरू झाली ती मुलूकियत, म्हणजे बादशाही. एवढी कडक चाळणी लावली की उमय्या गेले, अब्बासी गेले, दिल्ली गेली, बहमनी गेले, निजाम तर गेलेच. नैतिक टीका म्हणून हे पुस्तक धाडसी आहे, त्यांच्याच वर्तुळातल्या उलेमांनी त्यांना त्यावरून झोडपलं. पण संशोधनाची पद्धत म्हणून त्यातून हाती काय लागतं? तेराशे वर्षांचा कारभार 'बिघाड' या एका शब्दात बांधून माळ्यावर टाकला जातो. मौदुदींनी दख्खनच्या राजकीय इतिहासावरही लिहिलं होतं, म्हणजे त्यांना हा इतिहास ठाऊक नव्हता असं मुळीच नाही. ठाऊक असून तो त्यांच्या सिद्धान्तात पुरावा म्हणून आला नाही. आपले सिनॉप्सिसवाले एकीकडे मौदुदींची तत्त्वं घेतात आणि दुसरीकडे उदाहरणं अकबराच्या किंवा मलिक अंबरच्या कारभारातून देतात. मौदुदींनी ते वाचलं असतं तर पहिलं प्रकरणच परत पाठवलं असतं.

मौदुदी हैदराबादेत होते त्याच दशकात तिथे दुसरा सिद्धान्त जोर धरत होता. मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनचे नेते बहादुर यार जंग 'अनल मलिक' मांडत होते : या राज्यातली सार्वभौम सत्ता इथल्या मुस्लिम जमातीची, निजाम तिचं प्रतीक. मौदुदींच्या हिशेबाने हाकिमियत, म्हणजे सार्वभौमत्व, एकट्या अल्लाहचं. कुठल्याही जमातीचं, घराण्याचं किंवा मतदारांचं नाही. एकाच शहरात, एकाच दशकात, दोघेही इस्लामचं नाव घेतात आणि दोघांची सार्वभौमत्वाची व्याख्या एकमेकींना छेद देते. आणि मावर्दीला विचारलं असतं तर त्याला दोन्ही अपरिचित वाटल्या असत्या, कारण दोन्हींमधला सार्वभौमत्वाचा प्रश्नच आधुनिक राज्याने उभा केलेला आहे. मग 'इस्लामी तत्त्व' म्हणून डाव्या रकान्यात नेमकं काय लिहायचं?

तिसरी बाजू मोमिनाबादच्या शाळेत होती. स्वामी रामानंद तीर्थ १९३५ पासून इथे शिक्षक म्हणून काम करत होते आणि १९३८ मध्ये जबाबदार राज्यपद्धतीच्या मागणीसाठी स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले. त्यांचा मुद्दा तात्त्विक इस्लामचा नव्हता. बहुसंख्य प्रजेला कारभारात वाटा नाही, सभेला परवानगी लागते, संघटनेवर बंदी येते, हा होता. निजामाच्या राज्यात उमूर-ए-मजहबी नावाचं धार्मिक खातं होतं. मशिदी, मंदिरं, चर्च सगळ्यांचा व्यवहार त्याच्याकडे. १९३८-३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहात याच खात्याच्या परवानग्यांचा मुद्दा कळीचा होता. तेव्हा 'निजाम सर्व धर्मांना इनामं देत होता' एवढंच लिहून मोकळं होणारे आणि 'निजामाचं राज्य म्हणजे धर्मांध राज्य' एवढंच लिहून मोकळं होणारे, दोघांनाही मी एकच सांगेन. खातं एकच होतं. तेच इनाम देत होतं आणि तेच परवानगी अडवत होतं. त्याच्या फायली वाचा.

आता कचेरीत शिरू. पहिली गोष्ट, कालगणना. इस्लामी राज्य म्हटल्यावर हिजरी सन हवा. पण हिजरी वर्ष चांद्र, दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकणारं. सारा पिकावर वसूल करायचा तर पीक काही चंद्राकडे बघून येत नाही. म्हणून अकबराच्या काळात फसली सन आला, सौर वर्षाला बांधलेला, आणि तो दख्खनमध्येही रुजला. त्याच्याही आधीपासून दख्खनमध्ये शुहूर सन होता, तोही पिकाच्या सोयीचा, आणि तो पुढे मराठ्यांच्या दप्तरातही चालला. आपल्याकडच्या महसुली कागदावर '१३१७ फ' दिसतं ते १९०७-०८ साल, हैदराबादच्या जमीन महसूल कायद्याचं. गंमत पुढे आहे. पोलीस ॲक्शननंतर १९४९ मध्ये जहागिरी रद्द करणारा जो कायदा आला, त्याच्या नावातही '१३५८ फसली' आहे. निजामाची जहागीरदारी मोडणारा हुकूम निजामाच्याच पंचांगाने निघाला. बरनी आठवतो. चौदाव्या शतकातल्या या दिल्लीच्या लेखकाने 'फतावा-ए-जहांदारी'त सांगितलं की नुसत्या शरियतवर राज्य चालत नाही, राजाला 'जवाबित', म्हणजे राज्याचे स्वतःचे नियम करावे लागतात. बरनी स्वतः भलताच उच्चकुलाभिमानी आणि खालच्या जातीच्या माणसाला कारभारात पाहून तळतळणारा, त्यामुळे तो कोणाला आदर्श वाटायचं कारण नाही. पण फसली सन म्हणजे काय हे समजून घ्यायला बरनी मौदुदींपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट, भाषा. दरबारात १८८४ पर्यंत फारसी, पुढे उर्दू. आपल्या भागात गावच्या पातळीवर पटवाऱ्याचं दप्तर मोडी मराठीत. म्हणजे ज्या राज्याला आपण प्रबंधात 'इस्लामी प्रशासन' म्हणतो, त्याचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात जास्त लोकांना भेटणारा थर मराठी हिंदू वतनदाराच्या बोरूतून उतरत होता. हे काही कौतुकाने सांगत नाही, कारण हाच बोरू रयतेला सगळ्यात जास्त बोचत होता. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली आणि मराठवाड्याच्या तहसिलींमध्ये मोडी नि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली, ती यामुळेच.

तिसरी गोष्ट न्यायाची, आणि इथे हल्लाक मध्ये येतात. त्यांचं 'द इम्पॉसिबल स्टेट' हे २०१३ चं पुस्तक. तिघांत मला सगळ्यात आवडतं तेही हेच आणि सगळ्यात जास्त भांडावंसं वाटतं तेही याच्याशीच. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. आधुनिक राज्य कायदा स्वतः करतं, त्यावर स्वतःची मक्तेदारी ठेवतं. शरियतच्या जगात कायदा राजा करत नव्हता, फकीह, म्हणजे कायद्याचे जाणकार, समाजात राहून घडवत होते आणि राजा त्या कायद्याखाली होता. म्हणून 'आधुनिक इस्लामी राज्य' ही कल्पनाच आतून विसंगत. रकान्यांच्या साच्यावर याच्याइतका जोरदार घाव दुसऱ्या कोणी घातलेला मी वाचलेला नाही. शूराच्या समोर संसद लिहिणाऱ्याने हे पुस्तक वाचल्यावर पेन खाली ठेवायला हवं.

पण हल्लाक यांचं जुनं जग फारच नीटनेटकं आहे, आणि त्यात दख्खन नाही. आपल्याकडचे महजर बघा. आदिलशाही, निजामशाही आणि शिवकालातले वतनाच्या भांडणांचे निवाडे मजलिसीत व्हायचे. मजलिसीत काझी असे, देशमुख-देशपांडे असत, पाटील, शेटे-महाजन, बलुतेदार असत. भांडण असे पाटीलकीचं किंवा कुळकर्णाचं, साक्षी गोताच्या, कधी देवळात शपथ, कधी दिव्य, आणि निवाड्याच्या कागदावर काझीचा शिक्का. वि. त्र्यं. गुणे यांचं मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरचं १९५३ चं पुस्तक याच कागदांवर उभं आहे. या मजलिसीत काझी कुठला कायदा चालवत होता? हनफी फिकह? गोताचा रिवाज? की तो फक्त खात्रीचा साक्षीदार होता, आजच्या नोटरीसारखा?

शिवाय हा काझी बहुतेक ठिकाणी वतनदार. फिकहच्या पुस्तकाप्रमाणे काझी इल्म बघून नेमायचा, नालायक निघाला तर काढायचा. दख्खनमध्ये काझीपण बापाकडून मुलाकडे जातं, त्याला इनाम जमीन आहे, हक्क-लाजिमे आहेत, आणि भाऊबंदकीही आहे. गावात उतरलं तर मुलाणी बलुतेदारांच्या यादीत भेटतो, कुंभार आणि गुरवाच्या जवळ. सुगीला तोही खळ्यावर आपलं बलुतं न्यायला येतो. हल्लाक यांच्या चौकटीत या मुलाण्याला जागा नाही. मौदुदींच्या चौकटीत तो बिघाड. मावर्दीला तो दिसलाच नसता. पण मराठी मुलखात इस्लामचा आणि कारभाराचा संबंध ज्या माणसाच्या रूपात रोज गावाला दिसत होता, तो हाच.

अंबाजोगाईकरांना इथे दासोपंतांची कथा आठवेल. नारायणपेठचे त्यांचे वडील बिदरच्या बादशहाचे देशपांडे. सरकारी वसुलाचा भरणा झाला नाही म्हणून बादशहाने मुलाला ओलीस ठेवून घेतलं, मुदतीत पैसा आला नाही तर मुसलमान करू म्हणाला. मग दत्ताजी पाडेवार या रूपात दत्तानेच येऊन रक्कम भरली आणि मुलगा सुटला. कथा आहे, तिला पुरावा म्हणून कोर्टात उभी करू नका. पण ती ज्या समाजाने सांगितली त्याला राज्य कसं दिसत होतं, हे तिच्यातून कळतं. भांडण वसुलाचं आहे, धर्मांतर ही वसुलीची धमकी आहे, आणि पैसा जमा झाल्यावर बादशहा शब्द पाळतो. क्रौर्य आणि हिशेब दोन्ही एकाच दरबारात. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या कथेतही पैसे भरल्याची पावती आहेच. 'इस्लामी राजवटीतील हिंदू प्रजेचे जीवन' वगैरे प्रकरणात या कथा एक तर जुलमाचा दाखला म्हणून येतात, नाही तर गाळल्या जातात. त्यातली पावती कोणी वाचत नाही.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ती. मशरूत-उल-खिदमत.

शर्त वरून मशरूत. खिदमतीच्या, म्हणजे सेवेच्या अटीवर दिलेली जमीन. मशिदीत झाडलोट, दिवाबत्ती, अजान, दर्ग्यात मुजावरी, देवळात पूजा, नैवेद्य, नंदादीप. सेवा चालू तोवर उत्पन्न तुमचं. विकता येणार नाही. बाप गेला की मुलाला आपोआप मिळत नाही, 'विरासत' मंजूर करून घ्यावी लागते. दुसरा प्रकार मदद-ए-माश, उपजीविकेसाठी दिलेली मदत, तिला सेवेची अट नाही. तलाठ्याच्या तोंडी आज हे दोन शब्द 'खिदमतमाश' आणि 'मदतमाश' होऊन राहिले आहेत. मराठवाड्यात ज्याच्या घरी इनाम जमिनीचा वाद आहे त्याला हे शब्द शिकवावे लागत नाहीत, वकिलाच्या फीसोबत ते आपोआप येतात.

ही तरतूद इस्लामी आहे का? शब्द अरबी-फारसी आहेत. विचाराचा एक धागा वक्फकडे जातो. पण हनफी फिकहमध्ये वक्फ करणारा स्वतः त्या वस्तूचा मालक असावा लागतो. राजाने सरकारी जमिनीतून धर्मकार्यासाठी नेमणूक करून दिली तर तिला फिकहमध्ये 'इर्साद' असा वेगळा शब्द आहे, कारण राजा खजिन्याचा मालक नाही. आणि मोमिनाबाद तालुक्यासारख्या भागात याच चौकटीतून गुरवाला आणि पुजाऱ्यालाही जमीन मिळते, त्याचाही मुन्तखब निघतो, त्याचीही विरासत चौकशी होते. म्हणजे राज्य धर्म बघून चौकट बदलत नव्हतं. सेवा कुठली ते नोंदवत होतं आणि अट घालत होतं. समानता होती असं मी म्हणत नाहीये. कोणाला किती, हा हिशेब अजून नीट मांडला गेलेला नाही आणि तो मांडला तर चित्र फार गोड निघेल असं वाटत नाही. मी फक्त चौकटीबद्दल बोलतोय.

ही चौकट फोडली आधुनिक राज्याने. १९५२ मध्ये हैदराबाद अतियात चौकशी कायदा आला, १९५४ मध्ये हैदराबादचा इनाम व रोख अनुदान रद्द करणारा कायदा आला. धार्मिक आणि धर्मादाय संस्थांची इनामं बाजूला काढली गेली. मग मशीद-दर्ग्याची सेवा-इनामं वक्फ कायद्याच्या छत्राखाली गेली. १९९५ च्या वक्फ कायद्याच्या व्याख्येत 'मशरूत-उल-खिदमत' हा शब्द जसाच्या तसा आहे. दख्खनच्या सनदेतला शब्द भारताच्या संसदेने कायद्यात लिहिला, याच्याइतकं 'इस्लामी तत्त्व आणि आधुनिक प्रशासन' या शीर्षकाला शोभणारं उदाहरण मला दुसरं माहीत नाही, आणि ते मी एकाही सिनॉप्सिसमध्ये पाहिलेलं नाही. देवळांची सेवा-इनामं महसूल खातं आणि धर्मादाय आयुक्त यांच्या वाटेला गेली. एकाच साच्यातून निघालेल्या दोन सनदा, शेजारशेजारच्या गटांच्या, आज दोन वेगळ्या कार्यालयांत आणि दोन वेगळ्या राजकीय भाषणांत आहेत. एक 'वक्फची', एक 'देवस्थानची'. जमीन धर्मात वाटली गेली ती निजामाच्या फर्मानाने कमी आणि आपल्या कायद्यांच्या वर्गवारीने जास्त, असं माझं म्हणणं आहे. माझ्या गाईडना हे विधान जरा जास्त जोरकस वाटतं. ते खोडायचं तर मंदिर आणि मशीद यांच्या सेवा-इनामांना निजामाच्या काळात वेगवेगळ्या अटी होत्या असं दाखवावं लागेल. कोणी दाखवलं तर मला वाचायला आवडेल.

कोर्टांनाही हे सोपं गेलेलं नाही. १९९८ मध्ये सय्यद अली विरुद्ध आंध्र प्रदेश वक्फ बोर्ड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की एकदा वक्फ झालेली मालमत्ता कायमची वक्फ. इनाम कायद्याखाली कोणाला पट्टा मिळाला म्हणून तिचं वक्फपण जात नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये हैदराबादजवळच्या मणिकोंडाच्या, हजरत हुसेन शाह वली दर्ग्याच्या नावे सांगितल्या गेलेल्या १६५४ एकरांबाबत त्याच न्यायालयाने जमीन सरकारची ठरवली, आणि त्या निकालात मशरूत-उल-खिदमत म्हणजे काय याची चर्चा आहे. दोन्ही निकाल एकामागून एक वाचा. मुळात प्रश्न तोच आहे जो इर्सादच्या चर्चेत होता : देणाऱ्याची ती होती का, आणि दिलं ते काय, जमीन की तिचा महसूल? फकीहांचा प्रश्न न्यायमूर्तींच्या टेबलावर आला आहे, फक्त अर्जाचा नमुना बदललाय.

याची किंमत कोण मोजतंय ते दूर जाऊन बघावं लागत नाही. मदतमाश जमिनी गेल्या साठ-सत्तर वर्षांत साध्या स्टॅम्पवर विकल्या गेल्या, त्यांचे प्लॉट पडले, घरं उठली, आणि सातबारा वर्ग दोनचाच राहिला. अलीकडे शासनाने त्यांचा नजराणा बाजारभावाच्या पन्नास टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आणला. खिदमतमाशचं तसं नाही, तिथे सेवेची अट अजून बोलते. बीड जिल्ह्यात वक्फ आणि देवस्थान अशा दोन्ही प्रकारच्या इनाम जमिनी परस्पर लाटल्याचे गुन्हे दाखल झाले आहेत, म्हणजे लाटणारे तरी धर्मभेद करत नाहीत. दुसरीकडे मुजावराचं घर असतं, ज्याच्या नावे कागदावर वीस एकर आणि हातात पेटीवर जमणारी चिल्लर. आणि २०२५ च्या दुरुस्तीने 'वापराने वक्फ' ही संकल्पना पुढच्या काळासाठी काढून टाकल्यावर कागद असणं हाच सगळा खेळ झाला. कागद म्हणजे मुन्तखब, सेतवार, १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक.

सिनॉप्सिस लिहिणाऱ्याला म्हणून मी सांगतो, तत्त्वं सोडू नका, पण ती शोधायची जागा बदला. बैतुल-मालची व्याख्या द्यायची असेल तर तिच्या शेजारी कोषागार लिहू नका, सर्फ-ए-खास लिहा : राज्याचा सुमारे दहावा हिस्सा निजामाच्या खासगी उत्पन्नाचा होता, तो १९४९ मध्ये सरकारजमा झाला. खलिफाने खजिन्यातून फक्त पोटापुरतं घ्यावं, या तत्त्वाचं इथे काय झालं, हा प्रश्न स्वतःच एक प्रकरण आहे. सेवा-इनामाच्या विरासतीत मुलीचा दावा कधी आला का, आला तर 'खिदमत तिला करता येते का' यावर चौकशी अधिकाऱ्याने काय लिहिलं, हे दुसरं. एका तालुक्यातल्या मंदिर आणि मशिदीच्या पंधरा-वीस सेवा-इनामांचे मुन्तखब शेजारी ठेवून अटींचे शब्द ताडून बघणं हे तिसरं, आणि माझ्या मते या तिघांत सगळ्यात करण्यासारखं. त्याला मोडी आणि उर्दू दोन्ही लागतील. शिकायला सहा महिने धरा, मोडीला कमी, शिकस्ता उर्दूला जास्त.

मुन्तखब हातात आला की आधी सर्व्हे नंबर बघायची घाई असते. थांबा. त्यात सेवेचं नाव काय लिहिलंय, आणि 'बशर्त' हा शब्द आहे की नाही, ते आधी बघा.